शिवणयंत्राच्या अडतीस आकृत्या

प्रकाशकांच्या पत्रात दशांशरावांच्या पुस्तकाचं तोंडभरून कौतुक होतं आणि ते पहिल्या दोन ओळींतच आटोपलं होतं. उरलेली दोन पानं आकृत्यांबद्दल होती. 'आपण पाठवलेल्या अडतीस आकृत्या छपाईस अयोग्य आहेत. त्या त्रिमितीय मॉडेलचे पडद्यावरून घेतलेले फोटो आहेत. आम्हांस द्विमितीय वेक्टर रेषाचित्रे हवीत. सोबत नियमावली जोडली आहे.' नियमावलीत बावीस कलमं होती आणि एकविसाव्यात बाविसाव्याचा दाखला होता.

दशांशराव हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. शिवणयंत्रांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते आणि अपूर्णांकाशिवाय त्यांच्या तोंडून आकडा निघत नसे. बारसं कारखान्यानंच केलं आणि ते इतकं चपखल बसलं की घराच्या पाटीवर त्यांचं खरं नाव वाचून पोस्टमन दोनदा परत गेला होता. निवृत्तीनंतर जावयानं त्यांना कॉम्प्युटरवर मॉडेलं करायचा प्रोग्राम बसवून दिला. झालं! दोन वर्षं खपून त्यांनी अख्खं शिवणयंत्र पडद्यावर उभं केलं. दोनशे बारा भाग, प्रत्येक स्क्रू आट्यांसकट. माउस हलवला की यंत्र गर्रकन फिरायचं, वरून दिसायचं, खालून दिसायचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते फिरवून दाखवलं जाई. पुढे पुढे घरी येणाऱ्यांची संख्या घटली, पण त्याचा संबंध कुणी मॉडेलशी लावला नाही.

त्याच मॉडेलवरून त्यांनी पुस्तक लिहिलं: 'घरगुती शिवणयंत्र: रचना आणि दुरुस्ती'. घरोघरी यंत्रं धूळ खात पडली आहेत, कारण दोरा अडकला की लोक घाबरतात. त्यांना आकृती बघून आपलं यंत्र आपल्याला उघडता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आता ते पुस्तक आकृत्यांपाशी येऊन अडलं होतं, आणि खरी मेख पत्राच्या शेवटच्या ओळीत होती. 'महिनाअखेर आकृत्या मंजूर न झाल्यास आमच्याकडे पर्यायी संच उपलब्ध आहे.'

पर्यायी संच कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता. फोरमनसाहेब! कारखान्यात दशांशरावांनी काढलेल्या प्रत्येक चित्रावर "कागदावर ठीक आहे" एवढाच शेरा मारणारा माणूस. त्यांनी शाईनं हातानं काढलेल्या आकृत्यांची गुंडाळी प्रकाशकांकडे आधीच पोचवून ठेवली होती. म्हणजे मजकूर दशांशरावांचा आणि आकृत्या फोरमनसाहेबांच्या! आपण बांधलेल्या घरावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागावी, तसं त्यांना झालं.

"वेक्टर म्हणजे काय हो?" वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे दशांशरावांची पत्नी. सगळी बिल्डिंग त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही तसंच म्हणू. त्या खिडकीपाशी आपल्या शिवणयंत्रावर बसल्या होत्या. पस्तीस वर्षं त्या तिथंच बसत आल्या आहेत आणि बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांच्या अंगावर त्यांच्या हातचे कपडे आहेत.

"फोटो ठिपक्यांचा असतो," दशांशराव म्हणाले. "मोठा केला की फाटतो. वेक्टर म्हणजे नुसत्या रेषा. कितीही ताणा, फाटायचं नाव नाही."

"मग चादरी त्याच्याच करा," असं म्हणून वहिनींनी पुन्हा पायडल मारलं.

बातमी जिन्यातून वर जायला अर्धा तास लागला. बिल्डिंगचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल सांगायला म्हणून आले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांच्या मते हा सगळा खटाटोप व्यर्थ होता. फोटो छापायचा, खिडकीच्या काचेवर चिकटवायचा, वर पातळ कागद ठेवून उन्हात पेन्सिलनं गिरवायचा, की झालं वेक्टर. आपल्या शाळेच्या वहीतला सबंध नकाशा आपण असाच काढला होता, आणि त्यात एक समुद्र जास्तीचा आला तेवढंच. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले की आतलं दाखवायचं असेल तर एक्स-रेला तोड नाही, आणि यंत्राचं तोंड जर नीट उघडत असेल तर ते दवाखान्यात घेऊन या. दशांशरावांनी दोघांचेही आभार मानले. त्यांचं चुकलं ते एवढंच, की आभार मानताना त्यांनी दोघांनाही 'पुन्हा या' म्हटलं.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रोग्राममधलं 'रेषाचित्र' असं लिहिलेलं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं एक उसासा टाकला आणि चाळीस मिनिटं तो काही बोलला नाही. मग पडद्यावर आकडा आला: रेषा छ्याऐंशी हजार चारशे बारा. दशांशरावांना आधी अभिमानच वाटला. छापून बघितलं तर कागदावर काळंठिक्कर काहीतरी बसलं होतं. झालं असं होतं, की कॉम्प्युटरनं इमानदारीनं सगळंच काढलं होतं. दिसतं ते, न दिसतं ते, बाहेरचं झाकण, झाकणाआडचे गिअर, गिअरांआडचे स्क्रू आणि प्रत्येक स्क्रूचे सगळे आटे, एकावर एक.

डॉक्टरांनी कागद उजेडात धरून बराच वेळ बघितला. "किडलंय," ते गंभीरपणे म्हणाले. "मुळापर्यंत गेलंय. काढून टाका."

दुसऱ्या दिवशी दशांशरावांनी 'झाकलेल्या रेषा वगळा' हा पर्याय शोधून काढला. आता चित्र स्वच्छ आलं, इतकं स्वच्छ की सेक्रेटरींनी विचारलं, "सुई कुठाय?" सुई यंत्राच्या खांबाआड होती, त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी ती नव्हतीच. सुईशिवायचं शिवणयंत्र छापून आणलं असतं, तर फोरमनसाहेबांनी गावभर पेढे वाटले असते. ड्राफ्ट्समनच्या रिवाजानुसार जे झाकलेलं आहे पण सांगायलाच हवं, ते तुटक रेषेनं दाखवतात. म्हणून सुई, दोरा आणि इतर महत्त्वाचे भाग त्यांनी एकेक करून तुटक रेषेनं परत आणले. त्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी लक्षात आलं की हातचाक गोल आलेलंच नाही, त्याला चोवीस कोपरे आहेत. कारण मॉडेल करताना घाईत त्यांनी गुळगुळीतपणाचा आकडा चोवीस ठेवला होता. पडद्यावर चाक फिरत असे तेव्हा ते गोल वाटे. एकदा कागदावर थांबलं की सगळे कोपरे उघडे पडले.

ही सगळी वाया गेलेली छापील पानं वहिनी गोळा करून नेत होत्या. मागची बाजू कोरी असे आणि त्यांना बाह्या, कॉलर यांचे कागदी नमुने कापायला ती चांगली होती. पुढच्या बाजूला काय आहे, ते त्यांनी बघितलं नाही, आणि दशांशरावांनीही दाखवलं नाही. घरच्या माणसाला काय दाखवायचं, असा त्यांचा समज होता.

नवा संच गेला आणि पाचव्या दिवशी परत आला. सोबत चिठ्ठ्या होत्या, प्रत्येक आकृतीला एक, अशा अडतीस. सगळ्यांवर एकच वाक्य. 'रेषेची जाडी ०.१८ मि.मी. किमान ०.२५ आवश्यक.'

दशांशरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक सापडली याचं दुःख नव्हतं. ती दशांशचिन्हाच्या पलीकडे सापडली, आणि ती सापडलेली चूक दशांशरावांची होती! एकतीस वर्षांत जे कुणी केलं नव्हतं ते एका छापील चिठ्ठीनं अडतीस वेळा केलं. त्या दिवशी ते तसेच जेवायला बसले. वहिनींनी वाढताना "किती?" असं विचारलं, तर "थोडं," म्हणाले. वहिनींनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः प्रकाशकांच्या कार्यालयात गेले. तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत 'आकृती विभाग' होता आणि त्या विभागात एकच बाई बसत. टेबलावर एक भिंग, एक पारदर्शक मापपट्टी, एक शिक्का आणि अकरा रकान्यांच्या फॉर्मांचा गठ्ठा. सगळं कार्यालय त्यांना आकृतीबाई म्हणे. दशांशरावांनी मापपट्टी बघितली आणि त्यांचा राग निम्म्यावर आला. मापपट्टी चांगली होती.

"मी रेषा जाड करतो," ते म्हणाले, "पण मग स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. गोळा होतो."

"स्प्रिंगबद्दल रकाना नाही," आकृतीबाई म्हणाल्या. "जाडी, लांबी, रुंदी, रंग, अक्षरांचा आकार, हे बघते मी. तेवढं बसवून आणा, शिक्का देते."

त्यांनी बसवून आणलं. स्प्रिंगचे सात वेढे होते तिथे पाच दाखवले आणि खालच्या मानेनं स्वतःची क्षमा मागितली. महिना संपायला नऊ दिवस असताना आकृतीबाईंनी एकेक आकृती भिंगाखाली धरली, अकराच्या अकरा रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या आणि अडतीस वेळा शिक्का मारला. तो आवाज दशांशरावांनी डोळे मिटून ऐकला. जिना उतरता उतरता त्यांनी फोरमनसाहेबांना फोन लावला.

"मंजूर झाल्या. अडतीसच्या अडतीस."

"अभिनंदन," फोरमनसाहेब म्हणाले. "कॉम्प्युटरला माझ्यातर्फे अभिनंदन सांगा."

घरी येऊन त्यांनी शिक्क्यांच्या आकृत्या जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. वहिनींचे कागदी नमुने तिथेच होते, ते बाजूला सारताना वहिनी आल्या. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी पानाची पुढची बाजू बघितली. आकृती सात: 'दोरा ओवण्याचा मार्ग'.

"छान काढलंय," त्या म्हणाल्या. मग डोकं तिरकं केलं. मग दुसऱ्या बाजूला तिरकं केलं. "पण हे कुठून बघितलंय?"

"समोरून."

"कुणाच्या समोरून? चाक डावीकडे कसं? आणि दोरा अर्धा तुटक का?"

"तो भाग पलीकडे आहे. झाकलेला. झाकलेलं तुटक रेषेनं दाखवायचं असतं."

"अहो, मला तर तोच भाग समोर दिसतो. ज्याला मी रोज हात लावते, तेच तुम्ही झाकून ठेवलंय."

आता इथे कारखान्याची गोष्ट सांगायला हवी. शिवणयंत्राची जुळणी करायची तर मागचं झाकण उघडावं लागतं. म्हणून कारखान्यात कारागीर, ड्राफ्ट्समन, फोरमन, सगळे यंत्राच्या त्या बाजूला उभे राहत आणि त्या बाजूलाच 'समोरची बाजू' म्हणत. कागदावर, फळ्यावर, सगळीकडे. एकतीस वर्षं दशांशरावांनी शिवणयंत्र पाठीमागून बघितलं होतं आणि ते त्या पाठीलाच तोंड समजून चालले होते. मॉडेल रोज गरागरा फिरवलं, सगळ्या बाजूंनी दाखवलं, आणि सपाट करायची वेळ आली तेव्हा हात सवयीनं कारखान्याच्या बाजूला जाऊन थांबला.

"इथं बसा," वहिनी आपल्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आकृती बघून दोरा ओवा."

दशांशराव बसले. त्या खुर्चीत ते उभ्या जन्मात पहिल्यांदाच बसत होते. आकृती डावीकडे जा म्हणाली की यंत्र उजवीकडे जा म्हणे. तुटक रेषेपाशी पोचल्यावर त्यांनी दोरा यंत्राच्या मागून घेतला, पुढे आणला, स्वतःच्या चष्म्याच्या दांडीभोवती एक वेढा घातला आणि थांबले. ज्यानं या यंत्राचा प्रत्येक स्क्रू आखला होता, त्याला दोरा ओवता येत नव्हता. वहिनी आधी हसल्या. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हसू आवरून चष्मा सोडवला.

"गोल माणूस सपाट कागदावर उतरवायचं काम मीही पस्तीस वर्षं करते," त्या नमुन्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाल्या. "एकदा कापलं की कागद वळवून बघता येत नाही. आधी ठरवावं लागतं, कुठून बघायचं ते."

दशांशराव खाली गेले आणि त्यांनी बिल्डिंगला तीन पूर्णांक पाच फेऱ्या मारल्या. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? शिक्के होते. अकरा रकाने होते. फोरमनसाहेबांचं तोंड बंद होतं. आणि फोरमनसाहेबांच्या आकृत्या तरी काय, त्याही पाठीमागूनच काढलेल्या असणार! उलट आता काढून घेतल्या आणि नव्या नऊ दिवसांत झाल्या नाहीत, तर पाटी जायची ती जायचीच. हे सगळं त्यांना पटत होतं. पण पुस्तक उघडून यंत्रापुढे बसलेली, चष्म्याला दोरा गुंडाळलेली कुणीतरी बाई त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. उरलेली अर्धी फेरी त्यांनी मारलीच नाही. ते वर आले आणि म्हणाले, "मला लाज वाटतेय. उद्या परत घेतो सगळ्या."

आकृतीबाईंना हे पटवणं सोपं नव्हतं. "मंजूर आकृती परत घेण्याचा फॉर्म नाहीये आमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"पण त्या उलट्या बाजूनं काढल्या आहेत हो."

"हो. मला वाटलंच होतं."

दशांशरावांनी आ वासला. "वाटलं होतं?"

"माझ्या आईकडे आहे ना मशीन. मी मनात म्हटलं, चाक इकडे कसं? पण बाजूबद्दल रकाना नाही." आकृतीबाईंनी भिंग पुसलं, इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "एकच मार्ग आहे, काका. प्रत्येक आकृतीत एक तरी रेषा शून्य पूर्णांक दोन चारची निघायला हवी. मग मला नामंजूर करता येईल. पण ती चूक तुमच्या सहीनं यायला हवी."

माणसावर काय काय प्रसंग येतात! दशांशराव घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जाणूनबुजून चुकीचा अपूर्णांक लिहिला. एकदा नाही, अडतीसदा. 'माझ्या हलगर्जीपणामुळे रेषेची जाडी ०.२४ झाली आहे', खाली लफ्फेदार सही. सेक्रेटरी त्या वेळी नेमके समोर होते. त्यांनी तो अर्ज वाचला आणि गहिवरून दशांशरावांच्या पाठीवर हात ठेवला. आपला तो जास्तीचा समुद्र आता त्यांना फारसा टोचत नव्हता.

पुढचे आठ दिवस खिडकीपाशी वहिनी यंत्रावर आणि शेजारी स्टुलावर कॉम्प्युटर घेऊन दशांशराव, अशी बैठक बसली. त्यांनी मॉडेल फिरवायचं आणि वहिनींनी "थांबा" म्हणायचं.

"अजून थोडं खाली. मी काही उभी राहून शिवत नाही."

"किती अंश?"

"माझी मान जाते तेवढे."

"बरं. आणि हा आतला दांडा?"

"मला दिसत नाही तो."

"अगं, पण आहे तो तिथे! मी स्वतः आखलाय!"

"असेल. काढून टाका."

काळजावर दगड ठेवून दशांशराव दांडे काढत गेले. तुटक रेषा जवळजवळ संपल्या. दोरा तेवढा वहिनींनी ठसठशीत करायला लावला, कारण अडकतो तो दोराच. रेषा कमी झाल्या तशी स्प्रिंगला जागा मिळाली आणि सातही वेढे परत आले, तेव्हा दशांशरावांना इतका आनंद झाला की त्यांनी डॉक्टरांना हाक मारून दाखवलं. डॉक्टरांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "आता निरोगी आहे." मग स्वतःचा खिसा उसवलेला शर्ट वहिनींपुढे ठेवून गेले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं असताना आकृतीबाईंनी अडतिसावा शिक्का मारला. मग आकृती सातची एक प्रत कुठल्याही रकान्यात न भरता आपल्या पर्समध्ये ठेवली. "आईला देते," म्हणाल्या.

पुस्तक आलं. पहिल्या पानावर लेखक म्हणून दशांशरावांचं नाव होतं आणि 'आकृत्या' या शब्दापुढे दोघा नवराबायकोची नावं होती. वहिनींनी ते एकदा वाचलं, पदरानं पुसल्यासारखं केलं आणि पुस्तक यंत्राच्या खणात ठेवून दिलं. त्यांना रडू आलं होतं, पण ते कबूल करायला त्या तयार नव्हत्या. तेवढ्यात फोन वाजला. फोरमनसाहेब होते आणि ते फार खुशीत होते.

"दशांशराव, पुस्तक बघितलं. मजकूर ठीक आहे. पण आकृत्यांचा पार बट्ट्याबोळ केलाय हो तुमच्या कॉम्प्युटरनं! सगळं यंत्र पाठमोरं! चाक उजवीकडे, सुई डावीकडे! एकतीस वर्षं काढलीत ना कारखान्यात? समोरची बाजू कुठली तेही विसरलात?"

"फोरमनसाहेब, तुमच्या घरी यंत्र आहे?"

"आहे की. आपल्याच कारखान्याचं. पस्तीस वर्षं झाली, अजून ठणठणीत."

"त्याच्या पुढ्यातल्या खुर्चीत बसून बघा जरा."

"तिथं मी कशाला बसू? तिथं ही बसते."

"बसून तर बघा."

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी आश्चर्यानं "आज इकडे कुठे?" असं विचारलं. मग हातचाक फिरवल्याचा आवाज आला, थांबला आणि पुन्हा आला. दशांशरावांनी घाई केली नाही.

"दशांशराव," अखेर फोरमनसाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "चाक उजवीकडे आहे हो."

आणि त्यांच्या मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बघून झालं असेल तर उठा. मला शिवायचंय."